बायच्या अंगातला उजेड

ये गो, जरा जवळ बस. फोनवर "हं काकी, हं काकी" करत एकीकडे तू भाजी चिरत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. आज ते नको. सुरी ठेव खाली. आईचं नाव निघालं की विषय बदलायची जी खोड तुला लागली आहे, तीही थोडा वेळ बाजूला ठेव. मी तुझ्या आईची धाकटी जाऊ, तुझ्या जन्माच्या वेळी चुलीवर पाणी तापवणारी. तुझ्यावर रागवायचा मला हक्क आहे आणि मी रागावलेलीच आहे. पण रागापेक्षा सांगायचं जास्त आहे म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं तुला मध्येच "जाऊदे गो" म्हणून तोडता येणार नाही.

तुला वाटतं, तुझ्या आईने तुझ्या मुलीला मांडीवर घेतलं नाही ते मुलगी झाली म्हणून. किंवा ती आजारी असताना तू बाळंतपणाला आलीस, तिला त्रास झाला म्हणून. तू तसं मला बोलून दाखवलंस, तिला नाही. आता ऐक. तुझ्या आईला भीती होती की यंत्राने तिच्या अंगात घातलेला उजेड अंगातच साठून राहिला आहे आणि मुलीला कुशीत घेतलं की तो तिच्यात जाईल. एवढंच. दुसरं काहीही नव्हतं. तिने मला कुलदेवतेची शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. बाळंतिणीला भीती घातली की दूध आटतं असं तिचं म्हणणं. आता तू बाळंतीण राहिली नाहीस, तेव्हा शपथही सुटली असं मी धरते. देवीचं आणि माझं काय ते मी बघून घेईन.

तुझ्या आईला मी या घरात आले त्या दिवसापासून बाय म्हणते. आम्ही दोघी जावा, पण आयुष्य बहिणींसारखं गेलं. घरापुढच्या खळ्यात बांगडे खारवून घालायचे, कोळंबीची सुंगटं वाळवायची, कावळे हाकायचे, बाजाराच्या दिवशी टोपल्या घेऊन निघायचं. दोघींचे नवरे एकाच होडीवर. दोघांची पाठ उन्हाने सारखीच काळी झालेली. मी सातवीपर्यंत शिकलेली, ती चौथीपर्यंत, आणि हिशेबात ती माझ्यापेक्षा हुशार. मला मात्र वाचायचं वेड. सुकी मासळी बांधायला रद्दी आणायची आणि बांधण्याआधी ती वाचून काढायची. बाय म्हणायची, "तुझी वाचून होयसर गिऱ्हाईक देवगडाक पोचला."

तिच्या छातीत गाठ निघाली. गोव्याला नेऊन ऑपरेशन झालं. हे तुला ठाऊक आहे. नंतर डॉक्टर म्हणाले, आता लाईट द्यावी लागेल. आपल्याकडे कोणी लाईट म्हणतं, कोणी शेक म्हणतं. मी आपली समजले, पाठ धरली की देतात तसला लाल दिव्याचा शेक असेल. तसं नसतं. थंडगार खोलीत एक मोठं यंत्र, खाली टेबल, त्यावर माणसाला एकट्याला झोपवायचं, दार लावून सगळ्यांनी बाहेर जायचं. यंत्र घोंघावतं. दिसत काही नाही, लागत काही नाही. बाय बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय झाला गो?"

"काय नाय," ती म्हणाली. "मशेरी लावन होयसर झाला."

रोज जायचं होतं. तिथे खोली घेऊन राहावं असं सगळे म्हणाले, पण तुझे दिवस भरत आलेले, बाय घर सोडायला तयार नाही. मग तुझ्या दादाच्या मासळीच्या टेंपोतून आम्ही निघू लागलो. मागे बर्फातली मासळी, पुढे आम्ही दोघी आणि दादा. फटफटायच्या आधी निघायचं. कुडाळ मागे पडलं, पिंगुळी गेली, बांद्याला उजाडायचं. दादा सुरुवातीला रोज विचारायचा, "आये, वास येता काय गो? काच खाली करू?" आणि बाय म्हणायची, "माशाचो वास येवचो बंद झालो तर समज मी मेलंय." तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून दादाने विचारणं सोडलं.

तिच्या छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या होत्या. खुणा. यंत्राचा उजेड त्या रेघांच्या आतच पडला पाहिजे म्हणून. त्या पुसायच्या नाहीत, तिथे साबण नाही, तेल नाही. जन्मभर खोबरेल लावून आंघोळ करणारी बाई ती. तांब्याने पाणी घेताना एक हात आडवा धरायची, त्या रेघांवर थेंब उडू नये म्हणून. मी पाठ चोळून द्यायचे आणि बघायचे. आपण जमिनीची मोजणी करताना चुन्याने आखतो ना, तसं दिसायचं ते.

हॉस्पिटलात बाकावर बसून वाट बघावी लागे. तिथे वेंगुर्ल्याकडची एक बाई भेटली, बायच्याच वयाची. तिच्या गळ्यात गाठ होती. ती सांगत होती, "माका यंत्र नाय, माका औषध पाजल्यानी. त्या औषधातच लाईट आसा. आता पोटात गेला. डॉक्टर म्हणालो, लहान पोरांका जवळ घेवचा नाय. नातवाक लांबसून बघतंय. तो दारातसून 'आजी' म्हणता, मी आतसून 'काय रे' म्हणतंय."

ती बाई खरंच सांगत होती. तिचं औषध तिच्या पोटात होतं आणि तिथून उजेड सोडत होतं, तेव्हा तिला मनाई बरोबर होती. बायचं तसं नव्हतं. बायचा उजेड बाहेरून येत होता. पण बाकावर बसलेल्या दोन बायांना हा फरक कोण समजावणार? बायने ते ऐकून घेतलं. परतताना तिने एकदाच विचारलं, "यंत्रातलोय उजेड आणि औषधातलोय उजेड. उजेड तो उजेडच, नाय गो?" मी डुलक्या घेत होते. हो म्हटलं की नाही म्हटलं, मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात तुला कळा आल्या. मुलगी झाली. गोरी, केसांची, हातापायाने लांब. आणि दोन दिवसांत पिवळी पडली. कावीळ. डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीत ठेवली, वर निळे दिवे, डोळ्यांवर पट्टी. तू आत पडून रडत होतीस. आम्ही टेंपोतून उतरून थेट तिथेच आलो होतो. बाय काचेला हात लावून उभी राहिली. तिच्या लुगड्याखाली त्या जांभळ्या रेघा आणि समोर निळ्या उजेडात झोपलेली नात. मग म्हणाली, "ह्या एवढ्याशाकय लाईट."

"ता साधा गो," मी म्हटलं. "निळो दिवो. कावीळ उतरता तेना."

"तिच्यात आधीच भरलो हा," ती म्हणाली. "तेच्यात माझो कित्याक घालू?"

मला त्या वेळी अर्थच लागला नाही. थकून बोलते असं वाटलं.

कावीळ उतरली. तू घरी आलीस. आणि मग तू जे बघितलंस ते बघितलंस. बाय तुझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर. शेगडीत निखारे घालून द्यायची, पण दारातून सरकवून. पेजेचं ताट दादाच्या बायकोच्या हाती. मुलगी रडली की ही आधी उठायची आणि दारापाशी थांबायची. तू म्हणायचीस, "आये, घे गो जरा." ती म्हणायची, "हात दुखता." दुसऱ्या दिवशी, "खोकलो झालो हा." तिसऱ्या दिवशी, "चुलीवर भात आसा." तू पुण्यात मुलांना विज्ञान शिकवतेस, तुला खोटं लगेच कळतं. फक्त ते कुठलं खोटं, ते कळलं नाही.

मला कळलं ते बाळाला सूर्य दाखवायच्या दिवशी. आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे. बाळाला पहिल्यांदा खळ्यात आणायचं ते आजीनेच, आईच्या आईने, तुळशीपाशी उभं राहून कोवळ्या उन्हात बाळाचं तोंड फिरवायचं. तुला तुझ्या आजीने असंच आणलं होतं. सकाळी सगळं तयार होतं. मुलीला नवं झबलं घातलं होतं. आणि बाय चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत होती. चुलीत काहीही नव्हतं, राख होती.

"ऊठ गो," मी म्हटलं. "ऊन चढता."

"तू ने."

"मी कशी नेऊ? मी काय तिच्या आयेची आये?"

"तू ने म्हणतंय तर ने," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. "माझ्या अंगात काय ता तुका म्हायत आसा. तेच्या बरोबरीन सूर्याचा ऊन. बापडी सोसतली कशी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिथेच पाटावर बसले. ती बाकावरची बाई, तो निळा दिवा, सगळं आठवलं. मी तिला म्हटलं, वेडी आहेस काय. ती म्हणाली, असू दे वेडी. बाहेरून तू हाका मारत होतीस. तिने मला तेव्हाच शपथ घातली. मग मी उठले, तुझ्या मुलीला उचललं आणि तुळशीपाशी नेलं. तू माझ्याकडे बघितलंस, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलंस, आणि काही बोलली नाहीस. त्यापेक्षा भांडली असतीस तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात जावईबापूंना फोन करून तू गाडी मागवलीस.

तू गेल्यावर मी तिच्या मागे लागले. मला वाटलं, समजावून सांगितलं की समजेल. तू परत येशील, ती मुलीला घेईल. तुझी बारावीची पुस्तकं माळ्यावरच्या ट्रंकेत होती. काढली. वाळवी लागलेली, पण भौतिकशास्त्राचं पुस्तक शाबूत. उजेडाचा धडा उघडला आणि वाचत बसले. एकेक पान दोनदा, तीनदा. गणितं सोडून दिली. तू शिसपेन्सिलीने बाजूला प्रश्नचिन्हं काढलेली, ती बघून धीर आला, म्हणजे तुलाही पहिल्या खेपेला कळलं नव्हतं.

पुस्तक म्हणतं, उजेड म्हणजे लाटा. हे मला पटलं. आपल्या किनाऱ्याला ते ओळीने तीन खडक आहेत ना, त्यांच्यामधल्या दोन फटींतून भरतीचं पाणी आत येतं. दोन्ही फटींतून लाटा अर्धगोल पसरतात आणि एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी पाणी दुप्पट उसळतं, आणि मध्येच एक जागा अशी की पाणी गप्प. एकीचा चढ दुसरीच्या उताराला भेटतो आणि दोन्ही विरतात. आपले लोक लहान होड्या बांधतात त्या त्याच जागी, का ते कोणी विचारत नाही. पुस्तकात म्हटलं होतं, उजेडाचंही असंच होतं. दोन बारीक फटींतून उजेड सोडला तर समोर उजेडाचे पट्टे पडतात आणि मध्ये मध्ये काळोखाचे. उजेडात उजेड मिळवला आणि काळोख झाला. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दळणाला गेले. त्या दिवशी पुढचं वाचवलं नाही.

मग पुढच्या धड्यात तेच पुस्तक म्हणतं, उजेड म्हणजे कण. दाणे. लाट येते तशी पसरून येते, पण लागते तेव्हा दाण्यासारखी, एका जागी, अख्खी. आणि प्रत्येक रंगाच्या दाण्याची ताकद ठरलेली. लाल दाणा हलका, निळा जड, आणि डोळ्याला न दिसणारा क्ष-किरणांचा दाणा तर फारच जड. हलके दाणे कितीही ओता, जड दाण्याचं काम होत नाही. हे मला पुस्तकापेक्षा खळ्यात कळलं. नारळावर भाताची अख्खी गोणी ओतली तरी नारळ फुटत नाही. कोयत्याचा एक घाव लागतो. म्हणून तर तुझ्या मुलीला चुलीपुढे धरून कावीळ उतरली नसती, निळा दिवाच हवा होता. आणि बायच्या गाठीला तो निळा दिवाही पुरला नसता.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी डोळे फोडून घेत होते. यंत्रातून आलेला दाणा जिथे लागतो तिथे आपलं काम करतो आणि संपतो. काही नुसतेच आरपार निघून जातात. साठून कोणी राहत नाही. यंत्राचं बटण बंद झालं की खोलीत उजेड नाही आणि माणसातही नाही.

मी हे सगळं बायला सांगितलं. सुंगटं निवडता निवडता. ती ऐकत होती. ऐकून म्हणाली, "मगे देवाजवळचो गणपती कसो ता सांग."

तुला आठवतो ना तो, कोणीतरी जत्रेतून आणलेला, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. दिवसभर उजेडात ठेवला की काळोखात हिरवा चमकतो. आपण त्याला रेडियमचा गणपती म्हणतो. ती चुकीचं काही बोललीच नव्हती. तो उजेड पितो आणि सावकाश ओकतो. आणि तिने पुढे विचारलं, "खळ्यातलो फातर ऊन गेल्यार गरम ऱ्हवता का नाय? मग मी काय फातरापेक्षा वेगळी?"

मी म्हटलं, चल, बघूच. भर दुपारी आम्ही दोघी भाताच्या कोठीत गेलो. दार लावलं, फटीला गोणपाट लावलं. गणपती मध्ये ठेवला. तो चमकला. मी तिला म्हटलं, आता तुझा हात दाखव. तिने हात पुढे केला. काहीच नाही. मिट्ट काळोख. मग तिने हळूच चोळीची बटणं सोडली. तिथेही काहीच नाही. रेघासुद्धा दिसत नव्हत्या.

"बघलंस?" मी म्हटलं. "गणपती दिसता, तू दिसणस नाय."

काळोखातून ती म्हणाली, "तूच सांगितलंस ना, तो उजेड डोळ्याक दिसणा नाय म्हणान."

मीच सांगितलं होतं. आम्ही दोघी भाताच्या गोणीवर बसलो आणि हसायला लागलो. दादाची बायको दार ठोठावत होती, आत काय चाललंय म्हणून. बाय बटणं लावत म्हणाली, "सांग तिका, गणपतीक सासुरवाडीक धाडतंय." खूप दिवसांनी हसली होती ती. बाहेर उन्हात आल्यावर तिचा चेहरा बघितला आणि मला आठवलं की हसून काही बदललेलं नव्हतं.

मग शेवटचा उपाय म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, तिच्यासमोरच. लाईटचे शेवटचे दिवस चालले होते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलले. म्हणाले, "मावशी, ट्यूबलाईट बंद केली की खोलीत उजेड राहतो का? तसंच हे. नातवंडांना खुशाल घ्या." बायने मान डोलावली. टेंपोत बसल्यावर मी म्हटलं, झालं ना समाधान?

"डागतराची पोरां असतली तर तो घेयत," ती म्हणाली. "तेका तो हक्क आसा. माझी तर नात. एकटीच आसा. चुकीचा झाला तर मी खंय तोंड दाखवू?"

तेव्हा मला कळलं की माझं पुस्तक या गोष्टीला पोचणार नाही. तिला खरं-खोटं ठरवायचंच नव्हतं. जरासुद्धा शंका असेल तर मुलीला लांब ठेवायचं, इतका साधा तिचा हिशेब होता. आणि तू असतीस तर? मी कितीदा विचार केला. तू हेच तर शिकवतेस. तू समोर बसून सांगितलं असतंस तर कदाचित तिने ऐकलं असतं. पण जिच्याकडून ऐकायचं तिलाच सांगायची बंदी.

एक गोष्ट पुस्तकात अशी होती की ती मी बायला सांगितली नाही. तुला सांगते. पुस्तक म्हणतं, दाणे एकेक करून सोडले तरी शेवटी पट्टे लाटेचेच पडतात. किती दाणे कुठे पडणार याचा अंदाज बांधता येतो. पण हा एक दाणा नेमका कुठे पडणार, ते आधी ठरलेलं नसतं. कोणालाच सांगता येत नाही. यंत्राला नाही, पुस्तक लिहिणाऱ्यालाही नाही. मी ते वाचलं आणि फार वेळ तिथेच अडकले. आम्ही दोघी एकाच उन्हात करपलो, एकाच चुलीचा धूर खाल्ला, एकाच हांडीतलं जेवलो. तिच्या पोटी मुलं झाली, माझ्या पोटी नाही, एवढाच काय तो फरक. गाठ तिला झाली, मला नाही. मी कितीतरी दिवस कारण शोधत होते. तिने काय केलं, मी काय केलं नाही. लाट दोघींवरून गेली आणि दाणा तिच्यावर पडला, आणि का ते कुठेही लिहिलेलं नाही. हे वाचून बरं वाटायला हवं होतं की वाईट, मला सांगता येत नाही. मला तर फक्त रिकामं वाटलं.

लाईट संपली. रेघा हळूहळू गेल्या. काही महिने बरे गेले. ती पुन्हा खळ्यात बसू लागली. तुझा फोन माझ्या फोनवर यायचा, ती शेजारी बसून कान द्यायची, आणि मी "घे, बोल" म्हटलं की मान हलवायची. मुलगी पालथी पडली, बसली, दात आला, सगळं तिला माझ्याकडून कळलं. तू पाठवलेले फोटो ती चष्मा पुसून बघायची. फोनच्या काचेला मात्र बोट लावायची नाही, लावलं तर फोटो सरकतो म्हणून.

गणपती झाल्यावर तिची पाठ दुखायला लागली. मग कंबर. पुन्हा गोवा, पुन्हा तपासण्या. हाडांत उतरलंय म्हणाले. आणखी थोडी लाईट देऊन बघितली. मग गेल्या खेपेला डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावलं, बाय बाहेर बाकावर. म्हणाले, आता लाईट नको, आता दुखण्यासाठी गोळ्या देऊ, घरी आरामात ठेवा. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मी विचारलं, किती. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, पण ज्यांना भेटायचं आहे त्यांनी भेटून घ्यावं.

परतताना टेंपोत बांदा गेलं तेव्हा बायने विचारलं, "काय म्हणालो तो?"

"गोळ्ये दिल्यानी," मी म्हटलं.

"आणि लाईट?"

"लाईट आता नको म्हणालो."

"आणखी कधीच नको?"

"नको म्हणालो."

ती रस्त्याकडे बघत बसली. तिला त्याचा अर्थ कळला नसेल असं समजू नकोस. नवऱ्याच्या बुडालेल्या होडीची वाट बघितलेली बाई ती, लोक काय बोलत नाहीत ते तिला बरोबर कळतं. दोन दिवसांनी मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा म्हणाली, "आता उतारत जातलो मा, उजेड? घालूचो बंद झालो म्हणजे?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी पुस्तक काढलं नाही. मी म्हटलं, "होय. उतारलोच."

"मगे," ती म्हणाली, "चेडवाक हाडूक सांग तिका."

मुलीला घेऊन ये, हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी फक्त उतरवून घेतले. तिचे हात बारीक झालेत, बसायला मागे उशी लागते, पण सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत बरी असते. मी उशांची सोय केली आहे. मुलगी आता चुळबुळी झाली असेल, मांडीवर टिकायची नाही, तरी मी एका बाजूने धरीन, तू दुसऱ्या बाजूने धर. आल्यावर आईला काही शिकवू नकोस. उजेड साठत नाही, कधी साठलाच नव्हता, हे आता तिला सांगायचं नाही. तिला कळलं की इतके महिने उगाच गेले, तर ते तिला सोसायचं नाही. माफीही मागू नकोस, ती घाबरेल. मुलीला घे, खोलीत जा आणि आईच्या मांडीवर ठेव.

शाळेची रजा, जावईबापूंचं काम, रेल्वेचं तिकीट, हे सगळं मला सांगू नकोस. दादा कुडाळ स्टेशनला टेंपो घेऊन उभा राहील. मासळीचा वास येईल, मुलीला टॉवेलात गुंडाळ. पण ये गो. लवकर ये.